पापा नाकारणारी नात उद्धट ठरते का?

निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ : बालवाडीतल्या नातीने परवा मला पापा देण्याचे नाकारले आणि 'माझे अंग माझे आहे' असे वर ऐकवले. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवणाऱ्या शाळा लेकरांच्या मनात घरच्याच माणसांविषयी संशय पेरत आहेत.

एक आई, राजारामपुरी : गुरुजी, ज्या ओळखीच्या माणसांचा आपण कैवार घेता, त्यांच्याविषयीच बोलू. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणारे निम्मे ओळखीचेच होते. आपण मुलांना 'शूची जागा' यापलीकडे शब्दच देत नाही. मग त्यांनी तक्रार करायची तरी कशी?

तालमीतला पालक : माझा दहा वर्षांचा मुलगा लंगोट लावून लाल मातीत उतरतो, वस्ताद त्याला धरून डाव शिकवतात, जोडीदार अंग रगडतो. शाळेच्या तक्त्यावर छाती आणि मांड्या लाल रंगवलेल्या पाहून त्याने विचारले, 'वस्ताद वाईट आहेत का?' ताई, कुस्ती आता टपालाने शिकवायची का?

एक आई, राजारामपुरी : तालीम म्हटली की सगळे पवित्रच, असे गृहीत धरू नका.

तालमीतला पालक : आमच्या मातीवर शिंतोडे उडवू नका!

मंगळवार पेठेतला वाचक : पैलवान, जरा थांबा. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या वाड्यातल्या एका बिऱ्हाडकरूने गोट्या देऊन मला जवळ केले. सुरुवातीचा त्याचा स्पर्श मला वाईट वाटलाच नाही, त्यामुळे तुमचा तो तक्ता माझ्या काहीच कामाला आला नसता. पोटात गोळा आला तो 'आईला सांगू नकोस' हे ऐकून. पुढे मी सांगितले, तर 'घरातले घरात मिटवू' म्हणून मलाच गप्प केले. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही संरक्षण देतो आणि कलम १९ नुसार असा गुन्हा कळवणे बंधनकारक करतो; माझ्या वेळी यातले काहीच नव्हते. वस्ताद जे करतात ते साऱ्या आखाड्यासमोर करतात. मुलाला एवढेच विचारा, की कोणी काही लपवायला सांगितले का?

तालमीतला पालक : हे पटले. ताईंना दिलेले उत्तर मात्र मागे घेत नाही. मालिश आखाड्यातच व्हावी, बंद खोलीत नाही, हा आमच्या वस्तादांचा जुना दंडक आहे. त्याचे कारण आज समजले.

निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ : म्हणजे आता आजोबांनी अर्ज करून पापा मागायचा तर! असो. काल मी विचारले, तेव्हा तिने पापा दिला नाहीच. टाळी दिली, आणि तीही हात झिणझिणेल इतक्या जोरात.