मदत हवी आहे: प्रबंध शोधगंगेवर, पण त्यामागचा डेटा कुठे ठेवायचा?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात डेक्कनजवळच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जातात, ते काम आता अंगवळणी पडलंय. पण प्रबंधामागच्या एक्सेल फायली, मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज, फोटो हे सगळं विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवरच राहतं. गेल्या महिन्यात एका मुलीचा लॅपटॉप बसला आणि मुळशीतल्या गावांमध्ये दोन वर्षं फिरून केलेलं सर्वेक्षण गेलं. फायलींची नावं तरी काय, 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल'!

प्राचार्य म्हणतात, ग्रंथालयाने डेटा जपायची सेवा सुरू करा. माणसं आम्ही दोघं, वेगळा निधी नाही.

झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या संकेतस्थळावर खातं उघडून पाहिलं. फुकट आहे, डीओआय (डेटाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) मिळतो, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत डेटा मावतो. डेटाव्हर्स हे डेटा साठवायचं सॉफ्टवेअरही मोफत, पण स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं तर तो सांभाळणार कोण? प्रबंधांसाठी आमच्याकडे डीस्पेस हे डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर आहेच, त्यातच डेटा घालावा का?

खरी अडचण मुलाखतींची. त्यात लोकांची नावं, आजार, जमिनीचे वाद आहेत. नावं काढली तरी छोट्या गावात माणूस लगेच ओळखू येतो. अशा वेळी संमतीपत्रात नेमकं काय लिहून घेता? आणि फक्त वर्णन खुलं ठेवून मूळ फायली बंद ठेवल्या तर चालतं का?

कुणाकडे डेटा व्यवस्थापन आराखड्याचा (डेटा कसा गोळा करायचा, कुठे ठेवायचा, कुणाला द्यायचा हे आधीच लिहून ठेवायचं त्याचा) मराठी नमुना असेल तर कृपया द्या. पुण्यातलं कुणी हे करत असेल तर मी स्वतः येऊन बघेन, शनिवारी दुपारनंतर मोकळी असते.