मदत हवी आहे: ख्रिस्ती शाळेसाठी एसीएसआयचं अॅक्रेडिटेशन घ्यावं का?

वाडीकर:
अहिल्यानगर जिल्ह्यात आमच्या ट्रस्टची इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा आहे. राज्य मंडळ, दहावीपर्यंत. अल्पसंख्याक दाखला काढलेला नाही. काही विश्वस्त म्हणतात, एसीएसआयचं (असोसिएशन ऑफ ख्रिश्चन स्कूल्स इंटरनॅशनल) अॅक्रेडिटेशन, म्हणजे शाळा तपासून दिलेलं प्रमाणपत्र, घेतलं की दर्जाही मिळेल आणि परदेशातून मदतही. खरं आहे का? सुरुवात कुठून करावी?

पाटीपेन्सिल:
दोन्ही नाही. एसीएसआय ही १९७८ सालची अमेरिकी संघटना, मुख्यालय कोलोरॅडो स्प्रिंग्ज. तिच्या शिक्क्याने आपल्या शिक्षण खात्याच्या लेखी काहीच बदलत नाही. खात्याची मान्यता, यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), बोर्डाची परीक्षा, सगळं तुम्हालाच सांभाळायचंय.

आधी अल्पसंख्याक दाखला काढा. अल्पसंख्याकांना स्वतःची शाळा काढून चालवण्याचा हक्क घटनेच्या कलम ३०(१) नेच दिलाय, दाखला म्हणजे त्याचा पुरावा. अर्ज राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडे किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडे. अडतं ते कागदांवर. ट्रस्ट डीडमध्ये (ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तात) ख्रिस्ती समाजाच्या हितासाठी शाळा काढल्याचा उल्लेखच नसतो, नाहीतर शेड्यूल-१ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, अजून जुन्याच विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यायचा असतो. तो लटकलेला असेल तर पहिलं काम तेच.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव प्रवेशांतून अल्पसंख्याक शाळांना सूट मिळते ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालामुळे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्या सुटीवर फीचं गणित मांडू नका.

वाडीकर:
आभारी आहे. आणि परदेशी मदत? दुसरी एक मिशन संस्था तिच्या खात्यातून द्यायला तयार आहे.

दौत-टाक:
ते घेऊ नका. २०२० च्या दुरुस्तीपासून एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला) पैसा एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही, दोघींची नोंदणी असली तरी. स्वतःची नोंदणी करा: संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत उद्दिष्टांवर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. एफसी-४ हे परदेशी देणग्यांचं वार्षिक विवरणपत्र दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत, वर्षात रुपया आला नसला तरी.

एसीएसआयच्या अॅक्रेडिटेशनचा खरा फायदा सेल्फ-स्टडीत, म्हणजे शाळेने केलेल्या आत्मपरीक्षणात, आहे. कारभार, अध्यापन, बालसुरक्षा, हिशेब यांचे पुरावे शाळेने स्वतः गोळा करायचे, मग बाहेरचं पथक येऊन तपासतं. पण शिक्षकांनी ख्रिस्ती विश्वासांगीकार (श्रद्धेची लेखी कबुली) मान्य करणं तिथे अपेक्षित असतं. तुमचे निम्मे शिक्षक इतर धर्मांचे असतील तर फी भरण्याआधीच लेखी विचारा. दुसरं, कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला बायबलच्या तासाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. प्रवेश अर्जातच संमतीची वेगळी सही घ्या, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलांसाठी त्या वेळेत दुसरा तास ठेवा.