कागद खरे, गाडी चोरीची? जुनी बाइक घेण्याआधी काय तपासायचं

सावळा_गोंधळ विचारतात:

पल्सर १५०, २०१८ची, ३८ हजारांत मिळतेय. विकणारा कमिशनवाला आहे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव तिसऱ्याच माणसाचं. त्या माणसाच्या सह्या घेतलेले मालकी बदलायचे कोरे फॉर्म २९ आणि ३० तयार आहेत, ‘नाव नंतर चढवा, घाई नाही’ म्हणतो. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर मॉडेल, इंधन, विमा सगळं जुळतंय. हँडलखालचा चेसिस नंबर मात्र नव्या रंगाखाली धड वाचता येत नाही. एवढ्यावर घ्यावी का? आणि उद्या गाडी चोरीची निघाली तर घेणाऱ्यावर कुठलं कलम लागतं? गाडी भाच्यासाठी हवी आहे, जूनमध्ये त्याला सतरा पूर्ण होतील.

---

दहाचा_पाना:

ॲपवर जुळलं ते नंबर प्लेटचं. गाडी अजून तपासलेलीच नाही.

हा धंदा असा चालतो. अपघातात पार मोडलेली गाडी भंगारात जाते, पण तिची आरसी रद्द करायला कोणी जात नाही. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणतात, तिच्यावर भंगारातल्या गाडीची प्लेट लावतात आणि चेसिस नंबर घासून तिथे तिचाच नंबर ठोकतात. कागद शंभर टक्के खरे आणि गाडी शंभर टक्के चोरीची. ऑनलाइन काय दिसणार?

म्हणून खरी तपासणी धातूवर. हँडल पूर्ण वळवून फ्रेमच्या गळ्याजवळ टॉर्च तिरपा धरा, सरळ प्रकाशात खाचा दिसत नाहीत. रंग असेल तर मालकाला विचारून थिनर लावलेल्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, नाहीतर घासल्याच्या खुणा तुमच्याच नावावर. मग पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा काढा, आरटीओत द्यावा लागतो तसाच. कारखान्यातले आकडे एका रेषेत, एका खोलीचे आणि सारख्या अंतरावर असतात. हाताने पंच मारलेले वरखाली होतात, एखादा ८ जास्त रुतलेला असतो. आजूबाजूचा पत्रा बोटाला खोलगट लागला की तिथे ग्राइंडर फिरलाय. गळ्याभोवती वेल्डिंगचा टाका दिसला तर दुसऱ्या फ्रेमचा नंबराचा तुकडाच कापून बसवलेला असू शकतो, हा प्रकार पेन्सिलीच्या ठशात सापडत नाही.

चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच, त्यामुळे ‘ओ’ दिसलं तर ते शून्य समजा. बजाजचा नंबर एमडी२ ने सुरू होतो. दहावं अक्षर वर्षाचं : एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९. आरसीवर नोंदणी २०१८ची आणि अक्षर एच असेल तर घाबरू नका, आधी बनलेली गाडी शोरूममध्ये पडून राहिलेली असते. पण अक्षर के आणि नोंदणी २०१८ची, म्हणजे सरळ गडबड.

इंजिन नंबर केसिंगवर गिअर लिव्हरच्या बाजूला मिळेल. तो जुळला नाही म्हणजे चोरीच असं नाही, इंजिन बदललेलं असू शकतं. पण मग बिल हवं आणि आरसीवर तशी नोंद हवी. अजून एक : इग्निशन आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण मुळात एकाच चावीने उघडतं. दोन वेगळ्या चाव्या दिल्या तर लॉक कधी आणि का बदललं ते विचारा. चोर पहिल्यांदा हँडल लॉकच तोडतात.

या गाडीवर ताजा रंग नेमका नंबरावरच आहे. मी असतो तर भावही विचारला नसता.

---

काळा_कोट:

कलमांचं सांगतो. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे, दंड संहितेतली ३७९ (चोरी) आणि ४११ (चोरीचा माल घेणं) ही जुनी कलमं आता विसरा.

चोरी : कलम ३०३(२), तीन वर्षांपर्यंत कैद. दुचाकीच्या बहुतेक एफआयआरमध्ये हेच दिसतं. माल किंवा प्रवासी वाहून नेणारं वाहन चोरलं तर कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. टोळीने धंदाच मांडला असेल आणि आधीची आरोपपत्रं असतील तर कलम १११, संघटित गुन्हेगारी. त्यात वाहनचोरीचा उल्लेख नावानिशी आहे. किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप.

घेणाऱ्यासाठी कलम ३१७(२). चोरीचा माल आहे हे ‘माहीत असून’ किंवा ‘तसं मानायला कारण असून’ अप्रामाणिकपणे घेतला किंवा जवळ ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुमचा प्रश्न या दुसऱ्या शब्दांवर अडकतो. बाजारभावापेक्षा बराच कमी भाव, रोखीचा आग्रह, मूळ मालक समोर नाही, नंबर घासलेला : हे सगळं ‘मानायला कारण’ म्हणून सरकारी वकील मांडतो. तुम्ही तर नंबर वाचता येत नाही हे इथे स्वतः लिहून ठेवलंय. उद्या ‘मला काय माहीत’ म्हणणं अवघड जाईल.

नंबर बदलणाऱ्यावर आणि खोटे कागद करणाऱ्यावर ३१८(४) फसवणूक, ३३६(३) बनावटीकरण आणि ३४०(२) बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणं ही लागतात. पहिल्या दोन्हींत सात वर्षांपर्यंत. आणि नंबर घासला म्हणजे पुरावा गेला असंही नाही. ठोकताना खालचा धातू दबलेला असतो, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून जुना आकडा पुन्हा वर आणतात.

तुरुंग टळला तरी पैसे जातात. विकणाऱ्याकडे मालकीच नव्हती तर ती तुमच्याकडे येत नाही, प्रामाणिकपणे घेतली असली तरी. गाडी मुद्देमाल म्हणून जप्त होते आणि मूळ मालकाला मिळते. त्याने विम्याचा क्लेम घेतला असेल तर विमा कंपनी पुढे येते. ३८ हजार विकणाऱ्याकडून वसूल करायचे, सापडला तर.

---

तुकाराम_मेल:

एवढं कशाला? शंभराच्या... सॉरी, आता पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून घ्या, विषय संपला.

---

फॉर्म_एकोणतीस:

संपत नाही, तिथेच सुरू होतो. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : गाडी एकामागून एक हातांत गेली होती, नोंद पहिल्याच्याच नावावर होती, अपघाताची भरपाई त्याच्यावर बसली. नोटरीने भरपाई टळत नाही. फार तर कोणाला, कधी दिली याचा पुरावा होतो.

कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, ३० दोघांचा. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी गोव्याची किंवा कर्नाटकची असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ची एनओसी (ना हरकत पत्र) आधी, पैसे नंतर. कोरे सही केलेले फॉर्म हे मात्र सगळ्यांत वाईट. सही करणाऱ्याला गाडी कुठे आहे माहीत नाही आणि घेणाऱ्याला सही खरी की खोटी माहीत नाही. मूळ मालकाला फोन नाही, प्रत्यक्ष भेटा, आधारवरचं नाव आरसीशी ताडून बघा.

कमिशनवाल्याला एक प्रश्न विचारा : ‘अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र आहे का?’ १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून फॉर्म २९बीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी ताब्यात घेतली की मालकाने व त्याने मिळून फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. तो भरला की गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. बरेच जण हे करतच नाहीत. पण विचारल्यावर चेहरा कसा होतो ते बघा.

चोरीची नोंद बघायला एमपरिवहन पुरेसं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ यादीत शोधा, डिजिटल पोलीस पोर्टलवर ‘व्हेइकल एनओसी’ म्हणून मोफत अहवाल निघतो. तिथे आरसीवरून नाही, गाडीवरून वाचलेला चेसिस आणि इंजिन नंबर टाका. आरसीवरचा टाकलात तर भंगारातल्या गाडीचा स्वच्छ अहवाल हातात येईल.

---

सावळा_गोंधळ:

गाडी सोडली. माझी स्वतःची स्प्लेंडर आता विकायला काढतोय, तिचं उलट बाजूने काय सांभाळू? आणि भाच्याचं कोणी काही बोललं नाही.

---

काळा_कोट:

भाच्याला अठरा होईपर्यंत नको. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. ‘त्याने न विचारता चावी घेतली’ हे शाबीत करायची जबाबदारी तुमची. कायदा तुमची संमती गृहीत धरूनच सुरू होतो.

---

फॉर्म_एकोणतीस:

स्प्लेंडर विकताना : घेणाऱ्याचं आधार आणि लायसन्स, पैसे बँकेतून, गाडी दिल्याची तारीख आणि *वेळ* लिहिलेली पावती दोघांच्या सहीने. वेळ यासाठी की संध्याकाळी साखळीचोरीत गाडी वापरली गेली तर दुपारी ती तुमच्याकडे नव्हती हे दाखवता येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली ‘चालवत कोण होतं’ हे पोलीस नोंदणीकृत मालकालाच विचारतात आणि माहिती देणं बंधनकारक आहे. फॉर्म २९ स्वतः आरटीओत द्या, पोच घ्या, आणि वाहन पोर्टलवर नाव बदलेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा. आधीचे ई-चलन भरून टाका, त्यावरून हस्तांतरण अडतं. तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, तो विमा कंपनीकडून लेखी मागून ठेवा.

---

दहाचा_पाना:

आणि दुसरी चावी घेणाऱ्याला देऊन पावतीत ‘दोन चाव्या दिल्या’ असं लिहा. पुढे त्याच्याकडून गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी त्याच्याकडे दोन्ही मागते, आणि एक कमी पडली की तो पहिला फोन तुम्हाला करतो.