स्टडी बायबल घ्यायचं की नुसतं वचन वाचायचं?

वचनवाचक (धागाकर्ता)
जय ख्रिस्त. रोजच्या वाचनासाठी स्टडी बायबल, म्हणजे वचनांसोबत समजावणाऱ्या टीपा छापलेलं बायबल, घ्यायचं म्हटलं की लोक आधी कव्हर, अक्षर आणि नकाशे बघतात. माझं ठाम मत, आधी टीपा कुठल्या मताच्या आहेत ते बघा. थेट बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा 20 वा अध्याय उघडा. तिथल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचे तीन तरी अर्थ मंडळ्यांमध्ये चालत आलेत, टीप एकच अर्थ सांगून मोकळी होत असेल तर तुम्ही एका पंथाची शिकवण विकत घेताय हे माहीत असू द्या. स्कोफिल्ड रेफरन्स बायबल 1909 मध्ये आलं, त्यात देव माणसांशी सात वेगळ्या कालखंडांत वेगळ्या रीतीने वागतो ही मांडणी पानावरच छापलेली, आणि कितीतरी जणांना ती वचनाइतकीच पक्की वाटायला लागली. मग मार्क 16 बघा. 9 ते 20 ही वचनं सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत, हे टीप सरळ सांगते का? सांगत असेल तर मी ते बायबल घेईन.

साधा विश्वासणारा
नाही पटलं. टीप कुठल्या मताची हे नंतर, पानावर टीप असली की डोळा आधी तिकडेच जातो. फिलेमोनाचं पत्र केवढंसं, 25 वचनं, आणि त्याच्याआधी प्रस्तावना, रूपरेषा, गुलामगिरीवर वेगळी चौकट, हे सगळं वाचून होईपर्यंत पौल ओनेसिम या गुलामाबद्दल जी कळकळीची विनंती करतोय तिच्यापर्यंत पोचताना माणूस थकलेला असतो. 1611 च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलमध्ये शिकवणीच्या टीपा ठेवल्याच नव्हत्या, तरी लोकांनी तेच शेकडो वर्षं वाचलं ना.

वचनवाचक
अहो पण त्या टीपा का नव्हत्या ते पण सांगा की! त्याआधीच्या 1560 च्या जिनीव्हा बायबलमध्ये टीपा होत्या, निर्गम 1:19 ला लिहिलं होतं की इब्री मुलगे मारायची मिसरच्या राजाची आज्ञा सुइणींनी मोडली ते योग्यच, फक्त खोटं बोलल्या ते चूक. 1611 चं बायबल करवून घेणाऱ्या इंग्लंडच्या जेम्स राजाला हेच खुपलं. म्हणजे टीपा गेल्या त्या वाचकाच्या भल्यासाठी नाही. आणि प्रेषितांची कृत्ये 8 मध्ये तो इथिओपियाचा अधिकारी यशया वाचत बसलाय, कोणी समजावल्याशिवाय कसं कळेल असं स्वतःच म्हणतो, तेव्हा सुवार्ता सांगणारा फिलिप्प समजावायला त्याच्या रथात चढून बसला.

जपमाळ
मी कॅथलिक, माझ्यासाठी हा वादच वेगळा आहे. आमच्या कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, 825 व्या कलमाप्रमाणे भाषांतरित बायबल पुरेशा टीपांसहितच छापायचं असतं. घेताना मी आधी पुस्तकं 73 आहेत का बघते, प्रोटेस्टंटांचं 66 वालं असेल तर तोबित, यहूदीथ, मक्काबी नाहीतच, मग टीपा कितीही छान असोत.

साधा विश्वासणारा
@वचनवाचक फिलिप्प समोर बसला होता, त्याला उलट प्रश्न विचारता येत होता. छापील टीपेला कसं विचारणार? बिरुया गावच्या लोकांनी तर पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघितलं (कृत्ये 17:11). टीप कोण तपासतं? घरी एकट्याने वाचणारा तर नाहीच.

नकाशावाली
दोघांनाही सांगते, सगळ्या टीपा एका मापाने मोजू नका. प्रकटीकरण 3 मध्ये प्रभू लावदिकीया शहरातल्या मंडळीला कोमट म्हणतो. मी कायम समजत होते की गरम म्हणजे भक्तीत पेटलेला आणि थंड म्हणजे देवापासून लांब, मग प्रभू थंड असतास तर बरं असं का म्हणेल? टीपेत होतं की जवळच्या हिएरापलीला गरम झरे, कलस्सैला थंड पाणी, दोन्ही उपयोगाचं, आणि लावदिकीयाला पाणी नळांतून लांबून यायचं. वचन एकदम उघडलं. ही माहिती मी नुसतं वाचून कुठून आणणार होते? असल्या टीपा भूगोल सांगतात, शिकवण लादत नाहीत.

साधा विश्वासणारा
@नकाशावाली ही टीप चांगली आहे, मान्य. पण असा भूगोल मी वेगळ्या पुस्तकात ठेवीन, अध्याय पूर्ण वाचून झाल्यावर उघडीन. बायबल घ्यायचं तर समासात फक्त संदर्भ वचनं असलेलं, म्हणजे मार्कातून यशयाकडे जाता येतं आणि मध्ये कोणी बोलत नाही.

वचनवाचक
संदर्भ वचनं कुठली जोडायची हे पण कोणीतरी ठरवलेलंच असतं हो. तरी आधी अध्याय मग टीप, हा क्रम मी आजपासून पाळणार. रोमकरांस 7 पासून सुरू करतो, तिथे पौल विश्वासात येण्याआधीचं सांगतोय की नंतरचं यावर टीपा सरळ भांडतात.