वासेपूर : फैजलचा बदला खरंच पूर्ण झाला का?

तापीकाठचा (भुसावळ)
गँग्ज ऑफ वासेपूर या सिनेमाचे दोन्ही भाग परवा सलग बघितले भो, सव्वापाच तासांच्या वर होतात, मधे फक्त शेवभाजी-भाकर खायला उठलो, वडीलपण सोबत होते. शेवटी हॉस्पिटलात फैजल त्याच्या घराण्याचा जुना दुश्मन रामाधीरला मारतो, तो मेला तरी गोळ्या थांबतच नाहीत. वडील म्हणे झालं, आजोबा, बाप, भाऊ तिघांचा हिशोब चुकता. मला मात्र आतून रिकामंच वाटलं. तुम्हाला काय वाटतं?

दीपनगरवाला
वडिलांचं अर्धं बरोबर आहे, पण ती गोष्ट मुळात कोळशाची आहे ना. फैजलचा आजोबा शाहिद खान खाणीत राबतो, तिकडं बायको बाळंतपणात मरते आणि त्याला निरोपसुद्धा पोचू देत नाहीत. पुढं खाणमालक रामाधीर त्यालाच पैलवान म्हणून ठेवतो, मग याचा डोळा खाणीवर आहे कळल्यावर संपवतो. 1970 च्या दशकात खाणी सरकारी झाल्या तरी रामाधीर हललाच नाही, फक्त धंद्याची रीत बदलली. आमच्याकडं पॉवर स्टेशनला कोळशाचा रेक (मालगाडी) येतो, तो खाली होताना काळी धूळ उडते ना, हा सिनेमा बघितल्यापासून ती धूळ बघितली की वासेपूरच आठवतं. रामाधीर मेला पण त्याचा पोरगा जेपी सिंग जिवंतच राहिला, मग मिटलं काय?

अमळनेरची ताई
मला तर फैजलची आई नगमा विसरता येत नाही. सुरुवातीला पोट पुढं आलेलं असताना नवऱ्यामागं सुरी घेऊन धावणारी बाई, आणि मोठा मुलगा गेल्यावर गांजाच्या धुरात पडलेल्या फैजलला तीच टोचून टोचून उठवते. तिचं दुःख खरंय, रिचा चढ्ढानं ते डोळ्यांतून दाखवलंय, पण त्यानं दुसरं पोरगंपण गेलंच ना. फैजल बायकोजवळ, मोहसिनाजवळ रडतो, मला हे काही करायचंच नव्हतं म्हणतो, तिथं मी टीव्ही थांबवून बसले होते. नवाजुद्दीनचं सगळ्यात भारी काम तेच, बंदुकीचं नाही.

चोपडेकर_९
ताई बरोबर, पण फैजलच्या बापाला, सरदारला विसरू नका. रामाधीरला संपवेपर्यंत केस वाढवणार नाही म्हणून डोकं भादरणारा माणूस दुसरं घर थाटतो, त्या दुसऱ्या बायकोकडं, दुर्गाकडं धड बघतपण नाही, आणि शेवटी तो एकटा निघाला ही खबर त्याच्या दुश्मनांना, कुरेशींना तीच देते. फैजलला मारणारा डेफिनिटपण त्याच दुर्गाचा पोरगा, म्हणजे सख्ख्या बापाचाच. दुश्मन बाहेर शोधत बसले आणि घरातली जखम कोणी बघितलीच नाही. सुडाचे सिनेमे लय पाहिले पण असं घट्ट विणलेलं दुसरं नाही सापडलं.

तापीकाठचा (भुसावळ)
दुर्गाचं हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं. वडिलांना तुमचं सगळं वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणे शाहिदची बायको मरते तो सीन परत लाव. लावलाय आत्ता.