मदत हवी आहे: पुळण, खडप आणि खाडी, कुठे कुठली दोरी?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीचा. लहानपणापासून हातगरीने, म्हणजे दोरी हातातच धरून, गरवत आलो. तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं आणि गळ, एवढ्यावर भागत होतं. आता दोन रॉड घेतलेत आणि दोरीवर गाडी अडली आहे.

पहिला 12 फुटी सर्फ रॉड, 6000 चं रीळ. भाट्याच्या पुळणीवर कोळंबी लावून तळाला टाकतो, शिसं 100 ग्रॅमच्या आसपास. दुसरा 7 फुटी स्पिनिंग रॉड, 4000 चं रीळ. त्यावर ‘लाइन 10–20 पौंड, ल्यूर 10–35 ग्रॅम’ असं छापलंय (ल्यूर म्हणजे नकली आमिष). हा खाडीत तिवरांच्या कडेने जिताडा-तांबोशीसाठी, आणि समुद्र शांत असला की मिऱ्याकडे खडपावर.

दुकानात सांगितलं म्हणून दोन्हींवर 30 पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली दोरी) भरली, गळ थेट तिलाच बांधतो. खाडीत मासा लागतो, दोन-तीन झटके देतो आणि दोरी हलकी होते. टोक बघावं तर पिंजलेलं. पुळणीवर वेगळीच भीती. जोरात फेकताना दोरी तुटते आणि शिसं सुटून जातं. मुलगी बाजूला उभी असते, त्यामुळे याची मला खरोखर धास्ती वाटते.

ब्रेडेड काढून परत नायलॉन भरू का? फ्लुरोकार्बन महाग आहे, ते पूर्ण रीळभर लागतं का? आणि दोन्ही रॉडना एकच दोरी चालेल अशी काही सोय आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद

दादा, आधी पुळणीचं बघा, कारण तिथे माणसाला इजा होऊ शकते. फेकताना सगळा ताण एका क्षणात दोरीवर येतो आणि ब्रेडेड जवळजवळ ताणली जात नाही. त्यामुळे मुख्य दोरीच्या पुढे जाड नायलॉनचा शॉक लीडर हवाच. ठोकताळा असा: दर 28 ग्रॅम शिशाला 10 पौंड. तुमच्या 100 ग्रॅमला 40 पौंडाचा लीडर घ्या. लांबी रॉडच्या साधारण दुप्पट, म्हणजे फेकायच्या वेळी त्याचे पाच-सहा वेढे रिळावर असले पाहिजेत. गाठ रिळाच्या बाहेर राहिली तर लीडर असून नसल्यासारखा. आणि मुलीला फेकताना बाजूला नाही, चांगली लांब मागे उभी करा.

पुळणीवर मुख्य दोरी म्हणून मला स्वतःला 0.35 ते 0.40 मिमीचं नायलॉनच आवडतं. ते ताणलं जातं, म्हणून लाट मासा ओढून नेते तेव्हा गळ तोंडातून फाटून निघत नाही. वाळूची घासही ते ब्रेडेडपेक्षा बरी सोसतं. उधाणाला मात्र ओढ जास्त असते, जाड दोरीला पाणी धरतं आणि शिसं सरकत जातं. तेव्हा बारीक ब्रेडेडचा फायदा आहे. मुडदुशीचा बारीक चाव लांबवरून हाताला कळायचा असेल तरीही ब्रेडेडच. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी असते तेव्हा, नायलॉन बिनधास्त वापरा.

आता खाडी. तिथे ब्रेडेडच ठेवा, काढू नका. तांबोशी लागली की मुळांत घुसते आणि तिला पहिल्या दोन हातांतच थांबवावं लागतं. ताणल्या जाणाऱ्या दोरीने ते जमत नाही. पण ब्रेडेडचे धागे केसासारखे बारीक असतात, कालवांच्या धारेवर एकेक करून तुटतात. शिवाय जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण सुरीसारखं असतं. तुमचं टोक पिंजतंय ते यामुळेच. 40 पौंडाचा मीटरभर लीडर लावा, कालवं जास्त असतील तर 50. रॉडवरचा 10–20 चा आकडा मुख्य दोरीचा आहे, लीडर जाड चालतो. मुख्य दोरी 20 पौंडाची पुरेल. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) तिच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा, म्हणजे अडीच-तीन किलो. दोरीला वजनकाटा अडकवून ओढून बघा, अंदाजावर सोडू नका.

फ्लुरोकार्बन रीळभर अजिबात नको. ते ताठ असतं, रिळावरून वेटोळी होऊन सुटतं. लीडरपुरतं घ्या. घासेला चिवट आणि पाण्यात नायलॉनपेक्षा कमी दिसतं, म्हणून स्वच्छ पाण्यात पैसे वसूल होतात. गढूळ खाडीत जाड नायलॉनचा लीडरही तेवढंच काम करतो.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. गाठीचं सांगतो. ब्रेडेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिका. ती बारीक असते, रॉडच्या कड्यांतून न अडकता जाते. हात बसेपर्यंत डबल युनी चालेल, ब्रेडेडच्या बाजूने वेढे जास्त द्या. कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करायची, कोरडी आवळली तर नायलॉन तापून तिथेच कमजोर होतं. ब्रेडेड थेट रिळावर भरली असेल तर खाली नायलॉनचे थोडे वेढे द्या, नाहीतर मासा ओढतो तेव्हा सगळी दोरी एकगठ्ठा फिरते आणि वाटतं ड्रॅग बिघडला.

धागाकर्ता

मनापासून आभार. शिसं सुटायचं कारण आज कळलं. एक विचारायचं राहिलं: खडपावरून पॉपर (पाण्यावर तरंगणारा ल्यूर) मारताना लीडर कुठला? आणि सुरमई आली तर?

प्रतिसाद

पॉपरला नायलॉनचा लीडर. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बरंच जड असतं, बुडतं आणि पॉपरचं नाक खाली ओढतं. तळाजवळून चालणाऱ्या ल्यूरला तेच उपयोगी पडतं. सुरमईचे दात कुठलाही लीडर कापतात, तिच्यासाठी ल्यूरच्या पुढे 15–20 सेंमी तारच हवी. तार दिसते म्हणून चाव कमी येतील, पण तोंडात गळ घेऊन तुटून गेलेला मासा मला तरी सहन होत नाही.

प्रतिसाद

मी गोड्या पाण्यातला, तरी सांगतो. मरळीला शेवाळातून काढताना आम्ही बेडूक ल्यूर थेट 40–50 पौंडाच्या ब्रेडेडला बांधतो, लीडर नाही. तिथे घासायला दगड नसतो, फक्त वेली असतात आणि ब्रेडेड त्या कापत येते. रोहूला तरंगा लावून बसायचं तर साधं 0.30 चं नायलॉन. म्हणजे एकच दोरी दोन्हीकडे कशी चालणार?

प्रतिसाद

नायलॉन उन्हाने कुजतं, पावसाळा संपला की बदला. ब्रेडेड बरीच वर्षं टिकते. पुढचं टोक झिजलं की तेवढं कापा, आणि पुढे सगळी दोरी सोडवून उलटी भरा, आतली बाजू नवीच असते. कापलेले तुकडे मात्र खिशात घालून घरी आणा. गुहागर, वेळासला कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, त्यांच्या पायात ही दोरी अडकली तर सुटत नाही.

दर वेळी मासा सोडवल्यावर लीडरवरून नख फिरवून बघा. खरखरीत लागलं की हातभर कापून गळ नव्याने बांधा, मगच पुढची फेक.