विधिमंडळाविना कारभार: इंडियानाचे गव्हर्नर मॉर्टन यांचे समर्थन करता येईल का?

मूळ लेख:
ऑलिव्हर मॉर्टन हे अमेरिकी यादवी युद्धात इंडियानाचे गव्हर्नर होते आणि १८६७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७७ पर्यंत, सिनेटर होते. लिंकन यांचा भक्कम पाठीराखा म्हणून त्यांचे कौतुक होते. मला मात्र त्यांची १८६३ आणि १८६४ ही दोन वर्षे अक्षम्य वाटतात. १८६२ च्या निवडणुकीत विधिमंडळ डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. राज्याच्या सैन्यदलावरील गव्हर्नरांचा अधिकार काढून घेणारे विधेयक पुढे येताच मॉर्टन यांच्या रिपब्लिकन पक्षाचे सदस्य राजधानी सोडून ओहायो नदीकाठच्या मॅडिसन गावी निघून गेले, कोरम (कामकाजासाठी लागणारी किमान सदस्यसंख्या) मोडला आणि खर्चाला मंजुरी न मिळताच अधिवेशन संपले. त्यानंतर मॉर्टन यांनी विशेष अधिवेशन बोलावलेच नाही. राज्याच्या कर्जावरील व्याज बँकर जेम्स लॅनियर यांनी भरले आणि वॉशिंग्टनच्या युद्धखात्याकडून अडीच लाख डॉलर आले. हा पैसा राज्याच्या खजिन्यात न जाता गव्हर्नरांनी स्वतः उघडलेल्या वित्त कार्यालयाच्या तिजोरीत राहिला. लोकप्रतिनिधींच्या मंजुरीविना सरकारी पैसा खर्च करणे हे राज्यघटनेच्या मुळावरच येणारे होते.

प्रतिसाद १:
आपला आक्षेप शांततेच्या काळात बिनतोड ठरला असता. इंडियानाचे हजारो सैनिक आघाडीवर असताना फौजेची सूत्रे युद्धाच्या विरोधकांच्या हाती जाऊ देणे हा आत्मघात होता. जुलै १८६३ मध्ये दक्षिणेचे सेनानी मॉर्गन यांचे घोडदळ ओहायो नदी ओलांडून थेट इंडियानातील कोरिडन गावापर्यंत आले, तेव्हा स्थानिक दलांना त्यांच्याशी लढावे लागले. शिवाय, पैशांअभावी बंद पडू पाहणाऱ्या अंध व मनोरुग्णांच्या संस्था याच तिजोरीवर चालल्या.

मूळ लेखकाचे उत्तर:
मॉर्गन आले जुलैमध्ये. अधिवेशन मार्चमध्येच संपले होते. नंतर घडलेल्या संकटाने आधीच्या निर्णयाचे समर्थन कसे होईल? आणि अंध विद्यार्थ्यांची एवढी काळजी होती, तर अधिवेशन बोलावून विरोधकांना उघडपणे नकार द्यायला लावता आला असता.

प्रतिसाद २:
मी या दोन्ही बाजूंशी पूर्णपणे सहमत नाही. मॉर्टन यांचे मोठेपण मला सिनेटमध्ये दिसते. १८६५ मध्ये पक्षाघाताने पाय लुळे पडल्यावर ते बसूनच भाषणे करत. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला विरोध करणारा हा माणूस १८६९ मध्ये वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीसाठी झटला आणि युद्धात फुटून गेलेल्या व्हर्जिनिया, मिसिसिपी व टेक्सास यांना काँग्रेसमध्ये पुन्हा प्रवेश देण्यापूर्वी त्यांनी ती मंजूर करावी, अशी अट त्याने घालायला लावली. मत बदलण्याचे हे धैर्य विसरून चालणार नाही.

मूळ लेखकाचे उत्तर:
ते श्रेय मी आनंदाने देतो. पण त्याच घटनादुरुस्तीला अडवण्यासाठी १८६९ मध्ये इंडियानाच्या डेमोक्रॅट सदस्यांनी सामूहिक राजीनामे देऊन कोरम मोडण्याचा प्रयत्न केला, हेही लक्षात घ्या. सहा वर्षांपूर्वी मॅडिसनची वाट रिपब्लिकन सदस्यांनीच दाखवली होती.